दोन पंधरा ते दोन तीस

सहाव्या पानावरच्या त्या ओळीपाशी मी थांबले तेव्हा माझ्या हातात अर्धं सँडविच होतं. ओळ साधीच होती. ‘जाहीर निवेदनांसाठी राखून ठेवलेल्या वेळेत जनतेपैकी कोणीही उपस्थित नव्हते.’ खात्यातल्या इतर समित्यांच्या इतिवृत्तांत ही ओळ मी कितीतरी वेळा वाचली आहे, इतकी की डोळा तिच्यावरून न अडखळता पुढे जातो. आमच्या समितीच्या इतिवृत्तात ती पहिल्यांदाच आली होती. मी सँडविच कागदात गुंडाळून ठेवलं आणि ओळ पुन्हा वाचली. चूक काहीच नव्हती. लघुलेखिकेने जे ऐकलं ते टिपलं होतं, आणि खोलीत खरोखरच कोणी नव्हतं. खाली अध्यक्षांच्या सहीची जागा होती, तिच्याखाली माझ्या सहीची. थिया रेनिक, समितीची नियुक्त अधिकारी. वरील मजकूर अचूक व पूर्ण आहे असे मी प्रमाणित करते. बैठक चौदा नोव्हेंबरला झाली होती, नव्वद दिवसांत सही व्हायला हवी, आणि आज त्र्याऐंशीवा दिवस होता. मी पेन उघडलं, आणि मग टोपण परत लावलं.

माझं काम बाहेरच्या माणसाला सांगायला लागले की तो दुसऱ्याच वाक्याला घड्याळ पाहतो. शहरांच्या पाणीपुरवठ्याच्या सुरक्षेवर सरकारला सल्ला देणारी एक समिती आहे. तिची बैठक मी भरवते. पंधरा दिवस आधी राजपत्रात सूचना छापून आणते: बैठक कुठे, किती वाजता, तिचा कुठला भाग जनतेला खुला, कुठला बंद आणि का बंद. मी हजर नसले तर बैठक सुरूच होऊ शकत नाही, आणि मी संपली म्हटल्याशिवाय संपत नाही. दर तिमाहीला दुपारी दोन पंधरा ते दोन तीस ही वेळ जनतेची. प्रत्येकाला तीन मिनिटं. समितीने ऐकायचं, उत्तर द्यायचं नाही. कोणी बोलणारं उरलं नाही तर मी एकदा शेवटची हाक देते आणि मग ती वेळ आधीही बंद करता येते. तसं एक वाक्य सूचनेत असतं. ते वाक्य डॅडींना आवडत नसे. ‘हे कोणी घुसडलं?’ त्यांनी एकदा विचारलं होतं. ‘वकिलांनी,’ मी म्हटलं. ‘आमच्या वेळी नव्हतं,’ ते म्हणाले. ‘पाहुण्यांना जेवायला बोलवायचं आणि पत्रिकेत लिहायचं, भूक लागली तर आम्ही आधी उरकून घेऊ.’

त्यांची वेळ म्हणजे सरकारी छापखान्यातली एकतीस वर्षं. अँब्रोझ टॉलिव्हर, मुद्रितशोधक. दोघादोघांची जोडी असे. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने छापलेल्या कागदावर बोट फिरवायचं. डॅडी वाचणारे होते. यंत्रांच्या आवाजावर चढेल असा त्यांचा आवाज होता आणि ते स्वल्पविरामसुद्धा मोठ्याने म्हणत. माझ्या लहानपणी शाळेतून आलेली चिठ्ठी ते आईला वाचून दाखवायचे तीही तशीच, आपली कन्या थिया स्वल्पविराम, आणि आई पीठ मळता मळता हसायची. त्या एकतीस वर्षांत ‘ही बैठक जनतेसाठी खुली आहे’ हे वाक्य आपण किती हजार वेळा वाचलं याचा त्यांना हिशोब नव्हता. धरणांची बैठक, पुलांची बैठक, माशांची बैठक. आई गेल्यावर पहिल्या हिवाळ्यात त्यांनी तपकिरी टोपी घातली आणि यांतल्या एका बैठकीला जाऊन बसले. का, म्हणून मी विचारलं. तेव्हा मला वाटलं होतं, घर खायला उठतं म्हणून. ते म्हणाले, ‘पोरी, एकतीस वर्षं मी लोकांना आमंत्रण दिलं. कोणी जातं का ते बघायला नको?’ कोणी जात नव्हतं. मांडलेल्या तीस खुर्च्यांपैकी एका खुर्चीवर ते बसत, आणि घरी येऊन सांगत, ‘आज जनता मोजून एक होती.’

मग चार वर्षांपूर्वी मला ही समिती मिळाली आणि दुसऱ्याच दिवशी नावनोंदणीच्या यादीत पहिलं नाव आलं ते टॉलिव्हर, ए. मी फोन केला. आता ते बोलणं आठवताना माझा आवाज मला ऐकू येतो, आणि तो ऑफिसातला आवाज आहे. ‘डॅडी, या, पण तिथे मला थिया म्हणू नका.’ ‘मग काय म्हणू?’ ‘काहीच नका म्हणू. मॅडम म्हणा.’ नियमाचं कारण मी सांगितलं, की अधिकाऱ्याचे वडीलच जनता म्हणून बोलले तर लोक काय म्हणतील. खरं म्हणजे असा नियम नाही. नातं लिहून कळवायचं एवढंच होतं, एका पानाचा कागद. तो मी भरला नाही. भरला असता तर समितीतल्या सगळ्यांना कळलं असतं की बाही विरलेला कोट घालून दर वेळी एकच प्रश्न विचारणारा तो म्हातारा माझा बाप आहे. हे मी स्वतःशीसुद्धा इतक्या उघडपणे आजवर म्हटलेलं नाही.

प्रश्न मिसेस ब्रॉडसचा होता. मिसेस ब्रॉडस आमच्या डीनवुडच्या घराच्या शेजारी राहतात. लहानपणच्या तापात त्यांचे कान गेले. पहिल्याच बैठकीत डॅडी मायक्रोफोनपाशी उभे राहिले, टोपी काढली आणि म्हणाले, ‘माझ्या गल्लीत एक बाई आहेत. त्यांना ऐकू येत नाही आणि फोन त्यांनी ठेवलेला नाही. उद्या पाण्यात काही मिसळलं तर तुम्ही भोंगा वाजवाल, फोनवर निरोप पाठवाल. या बाईला कोण सांगणार?’ मग ती बाई सकाळी किती वाजता किटली ठेवते, किती कप चहा पिते, हे सगळं त्यांनी सांगितलं, आणि तीन मिनिटं झाल्यावर मी म्हणाले, ‘मिस्टर टॉलिव्हर, आपली वेळ संपली.’ ‘धन्यवाद, मॅडम,’ ते म्हणाले, आणि बसले. पुढच्या तिमाहीला तोच प्रश्न. त्याच्या पुढच्याही. सदस्य हळूहळू त्या वेळात फोन बघू लागले, कोणी कॉफी आणायला उठू लागलं. रविवारी मी घरी जेवायला जात असे तेव्हा डॅडी कॉर्नब्रेड तोडता तोडता म्हणत, ‘मॅडम, जरा लोणी सरकवा. वेळ संपायच्या आत.’ मी हसत असे. हसणं सोपं होतं. सतरा बैठका. सतरा वेळा मी त्यांना त्यांच्या आडनावाने हाक मारली, जे एके काळी माझंही होतं.

अठरावी चौदा नोव्हेंबरची. त्या वेळी यादीत त्यांचं नाव नव्हतं. नोंदणी आठवडाभर आधी बंद होते. यादी कोरी पाहून मला काय वाटलं हे मी गेले दोन महिने आठवून पाहते आहे, आणि दर वेळी तेच हाती लागतं: हलकं वाटलं. फोन करून विचारावं, असं मनात आलं आणि गेलं. दोन पंधराला मी वेळ उघडली. रिकाम्या तीस खुर्च्या. दोन एकोणीसला अध्यक्ष हॉल्डेननी माझ्याकडे पाहून भुवई उचलली, मी शेवटची हाक दिली, पाचपर्यंत मनात मोजलं आणि वेळ बंद केली. बंद सत्राचे नकाशे पडद्यावर आले. ‘बंद सत्र’ अशी छापलेली पाटी बाहेर लावायला मी दारापाशी गेले, ती लावली, आत आले, दार ओढून घेतलं, आणि दाराच्या उभ्या काचेतून मला लिफ्ट उघडताना दिसली. तपकिरी टोपी. सोबत खालचा पहारेकरी लुशस. डॅडी भिंतीला हात लावत चालत होते, हे मी पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळात दोन चोवीस झाले होते. दार उघडायला एक हात पुरला असता. पडदा बंद करायचा, अध्यक्षांना सांगायचं की सहा मिनिटं शिल्लक आहेत, कोणी आलं आहे. मागून हॉल्डेन म्हणाले, ‘थिया, सुरू करू या?’ मी काचेपाशी तळहात वर केला. डॅडींनी तो पाहिला. मान हलवली. मग ते समोरच्या बाकावर बसले आणि टोपी गुडघ्यावर ठेवली. चार वाजता मी बाहेर आले तेव्हा बाक रिकामा होता.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. ‘तुमचं दार चांगलं आहे, मॅडम,’ ते म्हणाले. ‘मी कान लावून पाहिला. एक अक्षर बाहेर येत नाही. देश सुरक्षित आहे.’ मी म्हणाले, ‘डॅडी, नाव का नाही नोंदवलंत?’ ‘राहून गेलं.’ ‘काय सांगायचं होतं?’ ‘काही नाही. मार्चमध्ये सांगेन.’ मी म्हणाले, ‘मार्चमध्ये नाव नोंदवा मात्र.’ त्यानंतर आम्ही हवेबद्दल बोललो, थँक्सगिव्हिंगला कोण काय आणणार याबद्दल बोललो. थँक्सगिव्हिंगला मला सर्दी झाली म्हणून मी गेले नाही. तीन डिसेंबरला सकाळी पेपर पायरीवर तसाच राहिलेला मिसेस ब्रॉडसनी पाहिला. ऑफिसात मी दोन दिवसांची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, घरगुती काम.

त्या त्र्याऐंशीव्या दिवशी मी सही न करता पाच वाजता खाली उतरले. लुशस नेहमीप्रमाणे आमची ओळखपत्रं परत घेत होता. चार वर्षं रोज आम्ही एकमेकांना हवा कशी आहे ते सांगतो. मी त्याला विचारलं, नोव्हेंबरमध्ये मिस्टर टॉलिव्हरना वर घेऊन तू आला होतास ना? त्याने माझं ओळखपत्र पेटीत टाकलं. ‘हो, मिस थिया. यादीत नव्हते. मी तुम्हाला तीनदा फोन लावला. मग रेमंडला म्हटलं, तू दोन मिनिटं टेबल सांभाळ, हा माणूस आजवर एकदाही चुकलेला नाही.’ मी म्हणाले, ‘फोन बंद होता माझा.’ ‘असतोच. बैठकीत असता.’ त्याने पेटीचं झाकण लावलं. ‘लिफ्टमध्ये म्हणाले, लुशस, धाप लागली तर मी जरा थांबेन, तू घाई करू नकोस. मी म्हटलं, मिस्टर टॉलिव्हर, घाई तुम्हालाच आहे. तर हसले. आता कसे आहेत ते?’ मी सांगितलं. लुशसने टोपी काढली, जशी डॅडी मायक्रोफोनपुढे काढत. मग खूप हळू आवाजात म्हणाला, ‘वाईट झालं. वडील म्हणजे वडीलच.’ मी त्याच्याकडे पाहिलं. ‘तुला माहीत होतं?’ ‘मिस थिया, कपाळ एक, चाल एक. शिवाय तुम्ही समोरून गेलात की ते तुमच्याकडे पाहायचे नाहीत. अनोळखी माणूस पाहतो.’

शनिवारी मी डीनवुडला गेले. घर अजून तसंच आहे. कोटाचे खिसे मी डिसेंबरमध्येच तपासले होते, त्यांत बसचा पास होता आणि स्वयंपाकघरातलं टिकटिकणारं छोटं घड्याळ, ज्यावर मिनिटं लावून आई अंडी उकडायची. कागद नव्हता. डॅडींकडे नेहमी कागद असे. मिसेस ब्रॉडसनी मला त्यांच्या टेबलापाशी, उजेड माझ्या तोंडावर पडेल असं बसवलं. त्या ओठांवरून वाचतात आणि सपाट, मोठ्या आवाजात बोलतात, खोलीच्या पलीकडच्या कुणाशी तरी बोलावं तसं. मी घड्याळ टेबलावर ठेवलं. ‘हे इथेच असायचं,’ त्या म्हणाल्या. ‘तुझ्या त्या बैठकीच्या आदल्या आठवड्यात रोज. तो तिथे उभा राहायचा, शेगडीपाशी, आणि मी समिती.’

‘तुम्ही समिती?’

‘मग. चार वर्षं मी समिती आहे. मी त्याला सांगायचे, अँब्रोझ, हे लोक ऐकत नाहीत. तो म्हणायचा, तुला कुठे ऐकू येतं, तरी तू ऐकतेसच की.’ त्या हसल्या. मग त्यांनी घड्याळावर हात पालथा ठेवला. ‘हे वाजतं ते मला बोटांना कळतं. तीन मिनिटं झाली की मी असं करायचे.’ आणि त्यांनी तळहात वर केला, अगदी सरळ, खांद्याच्या उंचीला. ‘की तो लगेच थांबायचा. शब्द अर्धा असला तरी. शिस्तीचा माणूस.’

मी त्या हाताकडे पाहत राहिले. त्यांनी तो खाली घेतल्यावरही तो मला तिथे दिसत होता. खिडकीबाहेर डॅडींच्या पायऱ्या होत्या, त्यांवर बर्फ वितळायला कोणी मीठ टाकलेलं नव्हतं आणि तो राखाडी झाला होता.

‘नोव्हेंबरमध्ये काय बोलणार होते ते?’ मी विचारलं, आणि त्यांना नीट दिसावं म्हणून पुन्हा एकदा सावकाश विचारलं.

‘तुला नाही सांगितलं? आभार मानणार होता.’ त्या उठून फ्रिजपाशी गेल्या. फ्रिजच्या दारावर, चुंबकाखाली, वाचनालयातून छापून आणलेलं एक पान होतं. मी ते लांबूनच ओळखलं. आमच्या समितीच्या शिफारशी, पान चौदा. ज्यांना ऐकू येत नाही किंवा ज्यांच्याकडे फोन नाही, अशा रहिवाशांच्या दारावर जाऊन सूचना देण्यासाठी प्रत्येक गल्लीत एका शेजाऱ्याची नेमणूक करावी. तो परिच्छेद मीच लिहिला होता, ऑगस्टमध्ये, एका दुपारी, कोणाचं नाव न घेता. समितीने न बोलता मंजूर केला. शिफारशी ऑक्टोबरपर्यंत गुप्त होत्या म्हणून मी डॅडींना सांगितलं नाही, आणि ऑक्टोबरनंतर विसरले. ‘वाचनालयातून धावत आला,’ मिसेस ब्रॉडस म्हणाल्या. ‘म्हणजे त्याच्या धावण्याने. म्हणाला, बाई, तू सरकारी कागदात आलीस. आणि मग दोन दिवस दवाखान्यात होता, छातीसाठी. तेव्हाच ती नोंदणी का काय ती राहिली. तुला कळवू दिलं नाही. म्हणाला, तिची बैठकीची गडबड असते.’

त्या पुन्हा समोर बसल्या. ‘आणखी एक होतं. ते तो घड्याळ लावून म्हणायचा नाही. अडायचा तिथे. म्हणाला, आता पायऱ्या झेपत नाहीत, ही शेवटची बैठक. तर शेवटी सांगून टाकतो की ह्या ज्या मॅडम आहेत, ही माझी मुलगी आहे. मी म्हटलं, तिला आवडेल का? तो म्हणाला, रागावेल. पण नोंद तर होईल.’

मी रडले नाही. तिथे मला तेही जमलं नाही. मिसेस ब्रॉडसनी माझ्यापुढे चहा ठेवला, सकाळचा तिसरा कप, हे मला माहीत होतं, कारण ते तीन मिनिटांच्या आत सतरा वेळा सांगून झालं होतं.

सोमवारी मी सहाव्या पानावरची ओळ खोडली. तिच्या जागी काय लिहायचं यात दिवस गेला. खरं तेवढंच लिहायचं, आणि इतिवृत्तात दुःखाला रकाना नसतो. शेवटी असं झालं: ‘जाहीर निवेदनांची वेळ दोन वाजून वीस मिनिटांनी, नियोजित वेळेआधी बंद करण्यात आली. दोन वाजून चोवीस मिनिटांनी जनतेपैकी एक व्यक्ती, श्री. अँब्रोझ टॉलिव्हर, निवेदनासाठी दाराशी उपस्थित झाली. नियुक्त अधिकाऱ्याने त्यांना पाहिले व प्रवेश दिला नाही. श्री. टॉलिव्हर हे नियुक्त अधिकाऱ्याचे वडील होत.’ ती चार वाक्यं मी हॉल्डेनना पाठवली आणि दहा मिनिटांत त्यांचा फोन आला. ते नौदलात इंजिनियर होते; आवाज नेहमी एकाच पट्टीत.

‘टोपीवाले गृहस्थ?’

‘हो.’

‘ते तुमचे वडील?’

‘हो.’

‘कसे आहेत?’

‘तीन डिसेंबरला गेले.’

‘तुम्ही तेव्हा दोन दिवस नव्हता. घरगुती काम म्हणाला होतात.’ ते पुढे म्हणाले, ‘थिया, आधीची ओळ खोटी नव्हती. खोलीत कोणी नव्हतं. ती राहिली तर कोणाचं काही बिघडत नाही.’

‘ते आले होते, सर.’

‘ही ओळ वर गेली की सतरा बैठकांचं विचारतील. हे पद तुमच्याकडे राहणार नाही.’

‘माहीत आहे.’

‘आणि ती शेवटची हाक मी भुवई उचलली म्हणून दिलीत,’ ते म्हणाले. ‘ते नाही लिहिलंत.’

‘हाक माझी होती.’

त्यांनी दुसऱ्या दिवशी सही केली. माझी सही खाली. एकोणनव्वदावा दिवस होता. डॅडींनी ती ओळ छापखान्यात वाचली असती तर कुठे थांबले असते, ते मला ठाऊक आहे. त्यांनी पूर्णविराम मोठ्याने म्हटला असता, आणि समोरच्याचं बोट खाली माझ्या नावावर टेकलं असतं.

मार्चची बैठक माझी शेवटची. एप्रिलपासून मी दुसऱ्या मजल्यावर, जिथे बैठका होत नाहीत. यादी कोरी होती. सूचनेतलं ते वाक्य, वेळ आधी बंद करता येईल असं, मी या वेळी घातलं नव्हतं. वकिलांनी विचारलं, मी म्हटलं, कायद्यात ते असलंच पाहिजे असं कुठे आहे, आणि ते खरंच कुठे नव्हतं. दोन पंधराला मी वेळ उघडली. तीस खुर्च्या. दोन सतराला एका सदस्याने घसा साफ केला. दोन एकोणीसला कोणीतरी विचारलं, ‘कोणी नाही ना? मग पुढे जायचं का?’ हॉल्डेननी माझ्याकडे पाहिलं, मग ते त्या सदस्याला म्हणाले, ‘सूचनेत दोन तीस लिहिलंय.’ लघुलेखिका बोटं यंत्रावर ठेवून बसली होती. तिने हळूच मला विचारलं, ‘मी काय लिहू?’ मी म्हणाले, ‘वेळ.’ कोणीतरी फोन बाहेर काढला आणि परत ठेवला. खोलीत पंख्याचा आवाज होता, तो मी चार वर्षांत कधी ऐकला नव्हता. दोन बावीसला मी उठले, दारापाशी गेले आणि ते पूर्ण उघडून, पाठीने धरून उभी राहिले. समोर लिफ्ट. बाजूला बाक. दार जड आहे. सहज धरता येत नाही, अंग टेकवावं लागतं. दोन चोवीसला लिफ्ट वाजली. आतून लुशस आला, एकटाच. आज वर कोणालाच आणायचं नव्हतं. त्याने मला दाराशी उभी असलेली पाहिलं, आतल्या खुर्च्या पाहिल्या, आणि काही न विचारता बाकावर जाऊन बसला. टोपी त्याने गुडघ्यावर ठेवली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

दोन तीसला मी दार लावलं.